मेर्क्सला टूर जिंकायला उशीर झाला नव्हता

आजचा सायकलपटू पोगाचार आणि जुन्या काळातला दिग्गज मेर्क्स यांची तुलना निघाली की एक वाक्य हमखास येतं: पोगाचारने टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत 21व्या वर्षी जिंकली, मेर्क्सला चोविशी गाठावी लागली, म्हणजे पोरगा केव्हाच पुढे गेला. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष साफ चुकीचा.

एडी मेर्क्स 1969पर्यंत टूरमध्ये उतरलाच नव्हता! पहिल्यांदा उतरला आणि पिवळी जर्सी (एकूण विजेत्याची), हिरवी जर्सी (गुणांमध्ये पहिल्याची), डोंगरांतलं विजेतेपद, सगळं घेऊन गेला. दुसरा आलेला जवळजवळ 18 मिनिटं मागे होता. त्याआधी विसाव्या वर्षी मिलान-सान रेमो ही शर्यत आणि 22व्या वर्षी जगज्जेतेपद त्याच्या नावावर होतंच.

यात पोगाचारचं काहीच कमी होत नाही. 2020च्या टूरच्या शेवटून दुसऱ्या दिवशी तो एकूण वेळेत आघाडीवर असलेल्या रोग्लिचच्या 57 सेकंद मागे होता. चढावर रोग्लिचचं हेल्मेट वाकडं झालेलं, चेहरा पांढराफटक. आणि शर्यत संपली तेव्हा पोगाचार 59 सेकंद पुढे! ती चढाई मी आजही पुन्हा पुन्हा बघतो.

आणि हो, 'टूरचा सर्वांत तरुण विजेता' हेही पोगाचारबद्दल खरं नाही. 1904 साली पहिले चौघे बाद ठरले आणि पाचवा आलेला आंरी कोर्ने विजेता झाला. तो 19 वर्षांचा होता.