स्टारफ्लीटमधली पोस्टिंग : निवड आणि नकार

'स्टार ट्रेक'च्या काल्पनिक विश्वात फेडरेशनचं (अनेक ग्रहांच्या संघाचं) जे अंतराळ आरमार आहे, म्हणजे स्टारफ्लीट, त्यात ऑफिसरला जहाज, अंतराळ तळ किंवा हेडक्वार्टरमधलं काम कसं मिळतं आणि मिळालेलं काम तो नाकारू शकतो का, याची ही पद्धत. तिची नियमावली पडद्यावर सलग अशी कुठेच येत नाही. १९६६ पासूनच्या मालिका आणि सिनेमांत इकडेतिकडे विखुरलेल्या प्रसंगांवरूनच ती जुळवावी लागते, त्यामुळे खाली नियम म्हणून जे दिलंय ते खरं तर उदाहरणांवरून काढलेलं आहे.

ढोबळमानाने सांगायचं तर दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कॅप्टनची खुर्ची ही 'ऑफर' म्हणून येते आणि ती नाकारता येते. बाकी बदल्या ऑर्डर म्हणून येतात, त्या मात्र नाकारता येत नाहीत, फार तर बदलून मागता येतात. या दोन्हींची गल्लत झाली की मग "रायकरला चालतं तर डेटाला का नाही" असले वाद सुरू होतात (हे दोघे 'नेक्स्ट जनरेशन' या मालिकेतल्या एंटरप्राइझ जहाजावरचे ऑफिसर, त्यांची प्रकरणं पुढे येतात).

उगम. यावर बरंच लिहिलं गेलंय आणि एकमत नाही. एक जुनं मत असं की ही पद्धत शिडाच्या जहाजांच्या काळातल्या ब्रिटिश नौदलातून आली. याला आधार आहे, कारण मालिकेचा निर्माता जीन रॉडेनबेरी पहिल्या मालिकेतल्या कॅप्टन कर्कची कल्पना मांडताना हॉर्नब्लोअर या कादंबऱ्यांमधल्या नौदल कॅप्टनचं उदाहरण द्यायचा आणि १९८२ च्या दुसऱ्या सिनेमाचा दिग्दर्शक निकोलस मेयर याने तर तो धागा मुद्दाम आणखी ठळक केला. त्या नौदलात ऑफिसरला हुद्दा असायचा पण जहाज मिळेलच असं नाही, जहाज नसलेला कॅप्टन अर्ध्या पगारावर किनाऱ्यावर बसून राहायचा, नेपोलियनची युद्धं १८१५ मध्ये संपल्यावर बहुसंख्य ऑफिसरांची हीच गत झाली, आणि जहाज मिळवायचं तर ॲडमिरल्टीत, म्हणजे नौदलाच्या मुख्य कचेरीत, कोणीतरी ओळखीचं लागायचं. शिवाय एकदा कॅप्टनच्या यादीत नाव गेलं की पुढची बढती सेवाज्येष्ठतेने होत जायची, त्यामुळे एखादं जहाज सोडलं म्हणून यादीतला नंबर घसरत नसे. हे सगळं वाचायला झकास आहे, पण स्टारफ्लीटशी नीट जुळत नाही. तिथे पगाराचाच प्रश्न नाही, कारण चोविसाव्या शतकातलं फेडरेशन पैशाशिवाय चालतं असं सांगितलेलं आहे, आणि रिकामा बसलेला कॅप्टन तिथे जवळपास दिसतच नाही.

दुसरं मत अमेरिकन नौदलाकडे बोट दाखवतं. तिथे ऑफिसर आपली पसंती कळवतो, या पसंतीच्या फॉर्मला बोलीभाषेत 'ड्रीम शीट' म्हणतात, मग 'डिटेलर' नावाचा अधिकारी त्याची पसंती, करिअर आणि नौदलाची गरज यांचा मेळ घालतो, आणि गरज बहुतेक वेळा जिंकते. स्टारफ्लीटमधल्या ज्युनिअर ऑफिसरांच्या बाबतीत हे चित्र बरंच लागू पडतं. फक्त डिटेलरचं काम तिथे कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसरच करताना दिसतात, हेडक्वार्टरमधली एखादी कर्मचारी शाखा ते करतेय असं फारसं येत नाही.

तिसरं मत कमी रोमँटिक आहे पण प्रस्तुत नोंदीला तेच जास्त पटतं. टीव्ही मालिकेतला नट जागेवर राहायला हवा म्हणून पात्राला बढती नाकारावी लागते, आणि नट गेला की पात्राची बदली होते. 'नेक्स्ट जनरेशन'च्या पहिल्या सीझननंतर गेट्स मॅकफॅडन या नटीला मालिकेतून काढलं तेव्हा तिचं पात्र डॉ. क्रशर 'स्टारफ्लीट मेडिकल'ची प्रमुख म्हणून निघून गेली आणि तिसऱ्या सीझनला नटी परतली तशी डॉक्टरही परतली. १९९५ मध्ये 'डीप स्पेस नाइन' या अंतराळ तळावर घडणाऱ्या मालिकेला प्रेक्षक हवे होते, तेव्हा 'नेक्स्ट जनरेशन'मधल्या मायकेल डॉर्नला तिकडे आणलं आणि त्याच्या वर्फ या पात्राची पोस्टिंग तळावर झाली. सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र लेखक मायकेल पिलरचं. १९९० मध्ये रायकरने जहाज घ्यावं की राहावं याचे संवाद तो लिहीत होता आणि त्याच वेळी आपण ही मालिका सोडावी की राहावं याचा विचार त्याचाही चालू होता, हे त्याने स्वतः नंतर सांगितलं. तेव्हा आरमाराचा नियम शोधायला आधी स्टुडिओची करारपत्रं बघावीत. अर्थात उगम कुठलाही असो, पडद्यावर एकदा आलं की त्या विश्वात तो पायंडा होतो.

कालनिश्चिती. सुरुवातीच्या मालिकेत फक्त स्टारडेट (त्या विश्वातली आकड्यांची तारीख) असायची, त्यावरून नेमकं वर्ष काढता येत नाही. 'नेक्स्ट जनरेशन'च्या पहिल्या सीझनच्या शेवटी २३६४ हे वर्ष थेट बोललं गेलं, त्यामुळे तिथून पुढच्या पोस्टिंगना बऱ्यापैकी खात्रीने वर्ष लावता येतं. कर्कच्या पाच वर्षांच्या मोहिमेचा शेवट २२७० असा नंतरच्या एका मालिकेत आलाय, म्हणजे त्याची ॲडमिरलपदी बढतीही साधारण त्याच सुमाराची धरावी.

रायकरचे नकार. कमांडर विल्यम रायकर हे या विषयातलं हुकमी उदाहरण. एंटरप्राइझवर येतानाच त्याने 'ड्रेक' जहाजाची कमांड सोडली होती, नव्या कोऱ्या ध्वजनौकेवर फर्स्ट ऑफिसर राहिलेलं करिअरला जास्त बरं असा त्याचा हिशेब होता. दुसऱ्या वेळी (१९८९ चा भाग) 'एरीज' नावाचं छोटं जहाज आलं, दूरच्या भागातल्या शोधमोहिमेसाठी. तिथे एंटरप्राइझचा कॅप्टन पिकार्ड याने त्याला अगदी मोकळेपणाने दोन्ही बाजू सांगितल्या, म्हणजे ध्वजनौकेवरचा नंबर दोन असण्याचा मान एकीकडे आणि कितीही लहान असलं तरी स्वतःचं जहाज दुसरीकडे. रायकर सामान बांधायच्या बेतात होता, तरी शेवटी राहिला. तिसऱ्या वेळी 'मेलबर्न'. इथे सूर बदलतो. ॲडमिरल हॅन्सन पिकार्डकडे तक्रारच करतो की तिसऱ्यांदा खुर्ची पुढे केली तरी हा गडी बसायला तयार नाही, आणि त्याच वेळी शेल्बी नावाची तरतरीत ऑफिसर रायकरच्या जागेवर डोळा ठेवून जहाजावर आलेली असते व तसं ती त्याला तोंडावर सांगते. नकाराची किंमत इथे कळते. शिक्षा कोणी करत नाही, पण मागे लाइन लागलेली असते आणि आपण दार अडवून उभे असतो. पुढे २३७९ मध्ये त्याने 'टायटन' स्वीकारलं, म्हणजे पहिल्या नकारानंतर दीड दशकाने.

(नाकारलेल्या तीनपैकी ड्रेक आणि मेलबर्न ही दोन जहाजं नष्ट झाली. यावरून रायकरला सहावं इंद्रिय होतं असं चाहते गमतीने म्हणतात, ते गमतीतच घ्यावं.)

बढती नाकारणं हा याचाच भाऊ. १९८८ च्या एका भागात ॲडमिरल क्विनने पिकार्डला ॲडमिरलपद आणि अकॅडमीचं प्रमुखपद देऊ केलं, ते त्याने नाकारलं आणि पुढे त्याचं काहीही बिघडलं नाही. कर्कने उलट केलं. बढती घेतली, अडीच वर्षं टेबलावर काढली आणि मग १९७९ च्या सिनेमात संकटाचं निमित्त साधून तेव्हाचा कॅप्टन डेकर याच्या हातातून एंटरप्राइझ काढून घेतलं, बिचारा डेकर स्वतःच्याच जहाजावर एक पायरी खाली आला. पुढे १९८६ च्या सिनेमात कर्कला शिक्षा म्हणून परत कॅप्टन केलं आणि वर जहाज दिलं. आरमाराच्या इतिहासात यापेक्षा लाडाची शिक्षा सापडणं कठीण.

ऑर्डर नाकारणं : डेटाचा खटला. कायद्याच्या अंगाने सगळा विषय इथे येऊन ठेपतो. २३६५ मध्ये कमांडर मॅडॉक्सने अँड्रॉइड (माणसासारखं यंत्र) असलेल्या डेटाची आपल्याकडे बदली करून घेतली, त्याला उघडून त्याच्यासारखे आणखी बनवायचे म्हणून. डेटाला मॅडॉक्सच्या तंत्रावर भरवसा वाटला नाही. पण बदलीची ऑर्डर थेट नाकारायची सोय नियमात नव्हती, त्यामुळे त्याने राजीनामा दिला आणि केबिनमध्ये सामान भरायला घेतलं. त्या सामानात त्याची मेडल्स आहेत आणि मेलेल्या सहकारी ताशा यारची छोटी होलोग्राम प्रतिमा आहे, यंत्र असल्या वस्तू कशाला जपेल हा प्रश्न पुढे कोर्टातच उभा राहतो. मॅडॉक्सचं म्हणणं असं की डेटा ही स्टारफ्लीटची मालमत्ता, आणि मालमत्ता राजीनामा देत नाही. कायदा अधिकारी फिलिपा लूव्हा हिने आधी तेच मान्य केलं, मग पिकार्डच्या मागणीवरून सुनावणी घेतली. तिच्याकडे स्टाफ नसल्यामुळे डेटाच्या विरोधात बाजू मांडायला लावलं ते रायकरलाच. शेवटी निकाल असा लागला की निवडीचा हक्क डेटाला आहे. डेटाने मग रीतसर नकार कळवला आणि मॅडॉक्सने ऑर्डर रद्द केली.

यातून पुष्कळ लोक "ऑफिसरला बदली नाकारायचा हक्क मिळाला" असा अर्थ काढतात, पण तो जरा ताणलेला वाटतो. निकाल डेटा मालमत्ता आहे की नाही यावर होता. बाकी ऑफिसरांकडे ऑर्डरविरुद्ध खरं हत्यार एकच, राजीनामा, आणि ते त्यांच्याकडे आधीपासूनच होतं. 'डीप स्पेस नाइन' तळाचा प्रमुख सिस्को याचं प्रकरण याला दुजोरा देतं. २३६९ मध्ये त्याला एकट्याने मुलाला वाढवायला नको वाटेल अशा मोडक्या तळावर पाठवलं. त्याने नाही म्हटलं नाही, पृथ्वीवर परतून सिव्हिलियन नोकरी बघतोय एवढंच पिकार्डला सांगितलं, आणि नंतर मन बदलल्यावर ते विसरून जा म्हणाला. वर्फही एंटरप्राइझ नष्ट झाल्यावर राजीनाम्याच्या विचारात होता, सिस्कोशी बोलल्यावर लाल गणवेश घालून कमांड शाखेत गेला.

मागणी आणि शिफारस. चांगल्या नंबराने पास झालेल्याला बऱ्यापैकी निवड मिळते. डॉ. बशीरने आरमारातली कुठलीही जागा मिळत असताना मुद्दाम दूरचा तळ, म्हणजे डीप स्पेस नाइन, मागितला, आणि ते तिथल्याच मेजर किराला सांगताना तिच्याच घरादाराला 'जंगल' म्हणून बसला. त्याच्या वर्गात पहिली आलेली एलिझाबेथ लेन्स 'लेक्सिंग्टन' जहाजावर गेली, ती जागा सगळ्यांना हवी होती. काही वर्षांनी भेट झाली तेव्हा तिनेच त्याचा हेवा वाटत असल्याचं सांगितलं, कारण एका जागी राहून लांबचं संशोधन करणं जहाजावर जमत नाही.

कॅप्टन स्वतःही माणूस मागून घेऊ शकतो. अकॅडमीतल्या अपघात प्रकरणात बदनाम झालेल्या सीटो जाक्सा या ज्युनिअर ऑफिसरला पिकार्डने मागून घेतलं, तिला निदान एक न्याय्य संधी मिळावी म्हणून. उलट डॉ. क्रशरच्या नेमणुकीला त्याचा आक्षेप होता, कारण तिचा नवरा त्याच्याच हाताखाली मेलेला, पण पोस्टिंग तिने स्वतः मागितली होती आणि तिचंच चाललं. एंटरप्राइझवरची ऑफिसर नेला डॅरन हिने पिकार्डशी जुळलेलं नातं आणि ड्यूटी एकत्र चालेना म्हणून बदली मागितली. तर 'सदरलंड' जहाजावर डेटा तात्पुरता कॅप्टन असताना त्याचा फर्स्ट ऑफिसर हॉब्सन याने अँड्रॉइडच्या हाताखाली काम नको म्हणून बदली मागितली, डेटाने कारण विचारलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि विनंती फेटाळली. कारण कुठलं चालतं आणि कुठलं नाही, याचा याहून स्पष्ट पायंडा नाही.

सक्ती आणि शिक्षा. निवृत्त माणसालाही परत बोलावता येतं. १९७९ च्या सिनेमात कर्कच्या जहाजावरचा जुना डॉक्टर मॅकॉय याला कधी फारसं न वापरलेल्या राखीव कलमाखाली जवळजवळ उचलूनच आणलं, तो दाढी वाढवून, चिडून, ट्रान्सपोर्टरला (माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राला) शिव्या घालत हजर झाला. न मिळणारी पोस्टिंग हाही शिक्षेचाच प्रकार. १९९८ च्या एका भागात वर्फने मोहीम सोडून बायकोचा जीव वाचवला, त्यात खबरी मेला, आणि आता तुला स्वतःचं जहाज बहुधा कधीच मिळणार नाही असं सिस्कोने त्याला सांगितलं. सांगताना तो हेही म्हणतो की तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

२०२० च्या 'लोअर डेक्स' या ॲनिमेटेड मालिकेत खालच्या ऑफिसरांची बाजू विनोदी अंगाने येते. बॉइमलर टायटनवर बढती घेऊन जातो आणि परत आपल्या जुन्या सेरिटोस जहाजावर एन्साइन (ऑफिसरांतला सगळ्यात खालचा हुद्दा) होऊन येतो, त्याची सहकारी मॅरिनर बढती मिळू नये म्हणून मेहनत घेते, आणि स्टारबेस ८० या बदनाम तळाचं नाव काढलं की सगळे गप्प होतात. ऑफिसर नसलेल्या खलाशांच्या बदल्यांवर मात्र मालिकांनी फार वेळ घालवलेला नाही. त्यांच्यातला ठळक माणूस म्हणजे चीफ ओब्रायन, ट्रान्सपोर्टर रूममधून तळावर मुख्य दुरुस्तीवाला म्हणून गेलेला, आणि तिथे सारखं काहीतरी बिघडलेलं असल्यामुळे तो खूशच असतो.