साहाय्यक ॲक्सल डॉली

ओढणारी गाडी आणि फिफ्थ-व्हील ट्रेलर (पुढचे टोक ओढणाऱ्या गाडीवर टेकणारा ट्रेलर) यांच्या मध्ये जोडायचे, स्वतःची चाके असलेले छोटे वाहन. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा भार एरवी ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या ॲक्सलवर येतो. तो डॉली आपल्या चाकांवर घेते. तिच्यावर माणसे बसत नाहीत की माल ठेवला जात नाही. अमेरिका आणि कॅनडात पिकअप ट्रकमागे राहत्या घराएवढे प्रवासी ट्रेलर ओढण्याची पद्धत आहे. त्यातला जड ट्रेलर आपल्या पिकअपला झेपत नाही असे दिसले की काही जण या डॉलीचा पर्याय निवडतात. शेतातून धान्याचे मोठे सेमी-ट्रेलर (पुढचा ॲक्सल नसलेले ट्रेलर) ट्रॅक्टरने हलवायलाही तिथे अशीच डॉली वापरतात.

फिफ्थ-व्हील जोडणी महाराष्ट्रात रोज पाहायला मिळते. न्हावा-शेवा बंदरातून निघणाऱ्या कंटेनर ट्रेलरचे पुढचे टोक घोड्यावर, म्हणजे पुढच्या ट्रॅक्टर युनिटवर, ज्या चपट्या ग्रीस लावलेल्या पोलादी ताटावर टेकलेले असते, तेच फिफ्थ व्हील. ट्रेलरच्या पोटाखालची किंगपिन ही पोलादी खुंटी त्या ताटाच्या खाचेत शिरते आणि जबडा तिला पकडतो. नेहमीच्या किंगपिनचा व्यास ५०.८ मिमी असतो, अतिजड कामाला ९० मिमीची वापरतात. अमेरिकेत विमानविद्येतले अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२०च्या दशकात ‘एरोकार’ या प्रवासी ट्रेलरसाठी याच धर्तीची जोडणी वापरली होती. पुढे पिकअपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, हे ताट बसवण्याची रीत रुळली. भार ॲक्सलवर पडत असल्यामुळे ट्रेलर मागे फारसा डुलत नाही. बंपरला जोडायच्या साध्या ट्रेलरपेक्षा फिफ्थ-व्हील ट्रेलर स्थिर चालतो, त्याचे मुख्य कारण हेच.

अडचणही तिथेच सुरू होते. साध्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर, म्हणजे गाडीवरच्या जोडणीच्या भागावर, येतो. फिफ्थ-व्हीलमध्ये हे प्रमाण साधारण १५ ते २५ टक्के असते. समजा, सामान भरलेला ट्रेलर ७,००० किलोचा आहे. त्याच्या २० टक्के म्हणजे १,४०० किलो भार किंगपिनवर येईल. पिकअपची कमाल भरित वजनमर्यादा ४,५३६ किलो (१०,००० पौंड) आणि तिचे स्वतःचे वजन ३,२०० किलो धरले, तर उरतात १,३३६ किलो. त्यातून ९० किलोची हिच आणि कुटुंब-सामानाचे ३०० किलो वजा केले की ९४६ किलोच शिल्लक. म्हणजे गाडी साडेचारशे किलोने ओव्हरलोड. हे इंजिनच्या ताकदीवरून कळत नाही. गाडी ओढते झकास. पण मागचे पाटे दबतात, टायर तापतात, पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग सैल वाटू लागते. जाहिरातीतला ‘ओढण्याची क्षमता’ हा आकडा पाहून ट्रेलर घेणारे नेमके इथे फसतात. त्यांनी आधी पाहायचा तो दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेला भारमर्यादेचा आकडा.

डॉली लावली की ते १,४०० किलो तिच्या ॲक्सलवर जातात आणि पिकअपच्या हिचवर डॉलीच्या जोडदांडीचा थोडाच भार उरतो. त्यासाठी डॉलीवरचे ताट ॲक्सलच्या किंचित पुढे बसवलेले असावे लागते. बैलगाडीत माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते आणि पुढे भरला तर जू बैलांच्या मानेवर रुतते. डॉलीची दांडीही तशीच ताटाच्या जागेप्रमाणे वर उचलली जाते किंवा खाली दाबते.

हा समतोल उभ्या गाडीपुरता झाला. चालत्या गाडीत तो सतत बदलतो. किंगपिन जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर असते, तर डॉलीची दांडी पिकअपला अर्ध्या मीटरच्या सुमारास जोडलेली असते. ब्रेक लागल्यावर ट्रेलर किंगपिनमधून पुढे रेटतो आणि डॉली ॲक्सलभोवती पुढे झुकते. समजा, रेटा एक टन आहे, दोन उंचींमधला फरक ०.७ मीटर आणि ॲक्सलपासून दांडीच्या टोकापर्यंतचे अंतर २ मीटर. तर हिचवर सुमारे ३५० किलोचा भार क्षणात वाढतो. चढावर जोरात ओढताना उलट होते, दांडी वर उचलू पाहते. म्हणून हिच निवडताना स्थिर भारावर विसंबू नये. ट्रेलरचे आणि डॉलीचे ब्रेक पिकअपच्या ब्रेकइतक्याच तत्परतेने लागले तर हा रेटा मुळात कमी होतो. त्यामुळे डॉलीला स्वतंत्र ब्रेक हवेतच, आणि दांडी सुटल्यास ते आपोआप लावणारा ब्रेकअवे स्विचही हवा.

डॉलीचे वागणे ठरते ते ती पुढच्या गाडीला किती ठिकाणी जोडली आहे यावर. मालवाहतुकीतल्या ए-डॉलीला एकच दांडी असते. ती हिचपाशीही वळते आणि वर किंगपिनपाशीही, म्हणजे जोडगाडीत दोन सांधे तयार होतात. रिव्हर्स घेताना एक सांधा आवरावा तर दुसरा भलतीकडे जातो. उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जाताना दिसतात. पुढचा ॲक्सल टर्नटेबलवर, म्हणजे गोल फिरत्या चकतीवर, फिरणाऱ्या चारचाकी ट्रॉलीची गत यांत्रिकदृष्ट्या हीच असते. वेगातला धोका याहून मोठा आहे. चालकाने अचानक लेन बदलली तर पुढच्या गाडीला बसलेला आडवा झोका मागे जाताना वाढतो. एकामागे एक ट्रेलर ए-डॉलीने जोडलेल्या गाड्यांवरच्या अभ्यासांत शेवटच्या ट्रेलरचा झोका पुढच्या गाडीच्या जवळपास दुप्पट आढळला आहे. पुढची गाडी सरळ राहते आणि शेवटचा ट्रेलर उलटतो, आणि चालकाला ते आधी जाणवतही नाही.

यावर उपाय म्हणजे दोन समांतर दांड्यांची सी-डॉली. ती वर-खाली हलते, पण डावी-उजवीकडे वळत नाही. म्हणून वळणारा सांधा फक्त किंगपिनचा उरतो आणि रिव्हर्स साध्या फिफ्थ-व्हीलसारखा घेता येतो. मात्र अशा डॉलीची चाके घट्ट सरळ बसवली तर वळणावर ती आडवी घासतील आणि टायर सोलून निघतील, म्हणून ती स्वतः वळणारी ठेवावी लागतात. चाके फारच मोकळी वळली तर ट्रेलरचा आडवा रेटा ती अडवत नाहीत. तो सगळा दोन दांड्यांमधून पुढच्या गाडीच्या शेपटीवर जातो. कॅनडाने १९८०च्या दशकात जड वाहनांच्या वजन-मापांचा मोठा अभ्यास करून सी-डॉलीसाठी वेगळे मानक घातले. त्यात चाकांनी किती जोराने सरळ रेषेवर परत आले पाहिजे हेसुद्धा ठरवून दिले आहे. पिकअपसाठीच्या चांगल्या डॉल्या याच कुळातल्या: दोन ठिकाणी जोडलेल्या आणि वळत्या चाकांच्या. एका दांडीची डॉली प्रवासी ट्रेलरला लावून महामार्गावर जाऊ नये, असेच या विषयाची माहिती असलेला कोणीही सांगेल.

जोडणी करताना घाई चालत नाही. पिकअप, डॉली आणि ट्रेलर सपाट जागेवर एका रेषेत आणतात, ताटाला ग्रीस लावतात आणि ट्रेलरचे पुढचे पाय खालीवर करून किंगपिन जिच्यात बसवलेली असते ती ट्रेलरखालची पाटी ताटापेक्षा किंचित खाली ठेवतात, म्हणजे डॉली मागे घेताना ताट पाटीला खालून उचलत आत सरकते. जबडा मिटल्याचा आवाज आला तरी त्यावर भिस्त ठेवत नाहीत. टॉर्च घेऊन खाली वाकून जबडा किंगपिनच्या मानेभोवती मिटला आहे आणि पाटी-ताटात फट नाही, हे डोळ्यांनी पाहतात. मग ट्रेलरचे पाय अजून जमिनीला टेकलेले असतानाच ट्रेलरचे ब्रेक लावून पिकअप हलकेच पुढे ओढून बघतात. साखळ्या, दिव्यांची वायर आणि ब्रेकअवेची तार मग जोडायची. पहिल्या थांब्यावर डॉलीच्या चाकांच्या हबजवळ हात धरून पाहावा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक चिकटत आहे.

डॉली एकच मर्यादा सोडवते: किंगपिनच्या भाराची. ओढायचे एकूण वजन तिच्यामुळे कमी होत नाही, उलट तिच्या स्वतःच्या वजनाने वाढते. आणि हिचची, इंजिनची व जोडगाडीच्या एकूण वजनाची मर्यादा आहे तिथेच राहते. हौद्यातल्या भारामुळे मागच्या चाकांना मिळणारी पकड जाते, त्यामुळे ओल्या चढावर किंवा चिखलाच्या कॅम्पग्राउंडवर पिकअपची चाके जागीच फिरू शकतात. गाडीची लांबीही वाढते. अमेरिकेत लांबीची मर्यादा राज्यागणिक वेगळी आहे आणि डॉलीला कायदा काय समजतो हेही बघावे लागते. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत ‘साहाय्यक डॉली’ची वेगळी व्याख्या आहे. ट्रेलरची दांडी आणि पुढचा ॲक्सल यांचे काम करणाऱ्या डॉलीसह वापरलेला सेमी-ट्रेलर तिथे पूर्ण ट्रेलरमध्ये मोडतो. दुसऱ्या राज्यात तीच डॉली वेगळे वाहन ठरली, तर एका पिकअपमागे दोन वाहने ओढण्याचा नियम लागू होऊ शकतो, म्हणून प्रवासातल्या प्रत्येक राज्याचा नियम आधी पाहून घ्यावा.

मागे दोन्ही बाजूंना जोडचाके असलेल्या ‘एक-टनी’ म्हटल्या जाणाऱ्या वर्गातल्या (हे नुसते वर्गाचे नाव) पिकअप आता दोन टनांहून अधिक भार हौद्यात घेतात. त्यामुळे नवी गाडी घेणारा बहुतेकदा डॉलीकडे वळतच नाही. जिच्यात हौदाच नाही अशी बंदिस्त गाडी, मोटरहोम, किंवा शेतावर आधीच असलेला ट्रॅक्टर वापरायचा असेल, तिथे मात्र फिफ्थ-व्हील ट्रेलर ओढायला बहुधा डॉलीशिवाय मार्ग नसतो.