मिशनरी विंधन विहिरी (आफ्रिका)

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत ख्रिस्ती मिशनरी, पुष्कळदा पतिपत्नीच्या जोडीने, करत आलेले पिण्याच्या पाण्याचे काम. जागा पाहणे, बोअर मारणे, हापसा बसवणे आणि तो गावाच्या ताब्यात देणे हे सगळे त्यात येते. १९८१–९० हे संयुक्त राष्ट्रांचे पेयजल व स्वच्छता दशक होते. त्या काळात या कामाला मोठा जोर आला. वर्ल्ड व्हिजनसारख्या मोठ्या ख्रिस्ती संस्थेने घानात १९८५ मध्ये ग्रामीण पाणी प्रकल्प सुरू केला; एखाद्या चर्चच्या वर्गणीवर चालणारी लहान पथके तर मोजण्यापलीकडची आहेत.

मिशनरी आणि पाणी यांचा संबंध मात्र बोअरच्या गाडीहून बराच जुना आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे रॉबर्ट आणि मेरी मॉफट हे दांपत्य १८२० च्या दशकात आजच्या दक्षिण आफ्रिकेतील कुरुमान भागात राहिले. मिशनच्या बागेसाठी त्यांनी पाट काढला. वरच्या अंगाला राहणाऱ्या त्स्वाना बायकांनी तो फोडून पाणी आपल्या शेताकडे वळवले. मिशनरी फावडे घेऊन जायचे, फूट बुजवायचे. दुसऱ्या दिवशी पाट पुन्हा फुटलेला. शेवटी बायकांनी बांधच उखडला. हे खुद्द मॉफट यांनी लिहून ठेवले आहे. त्यांची मुलगी मेरी आणि जावई डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी पुढे बोत्स्वानातील कोलोबेंग येथे कालव्याचा प्रयोग केला, पण दुष्काळाने तोही बसला. तिथला प्रमुख सेचेले हा स्वतः पाऊस पाडणारा म्हणून नावाजलेला होता. तो ख्रिस्ती झाला आणि त्यानंतर पाऊस लांबला, तेव्हा लोकांनी दोष कुणाला दिला असेल हे सांगायला नको.

आजच्या कामात जोडप्याची वाटणी बहुधा ठरलेली दिसते. नवरा यंत्राशी, गाडीच्या डिझेलशी आणि सुट्या भागांशी झुंजतो. बायको गावातल्या बायकांशी बोलते, हात धुणे, झाकण असलेले भांडे, पाणी समितीतल्या जागा यांचे पाहते. यातले दुसरे काम दुय्यम समजले जाते, ते चूक आहे. पिवळा वीस लिटरचा कॅन डोक्यावरून वाहणारी बाई आणि तिच्या मुली यांनाच हापसा कुठे हवा हे नेमके ठाऊक असते.

आफ्रिकेच्या मोठ्या भागाखाली प्राचीन, कठीण स्फटिकी खडक आहे. पाणी त्याच्या वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत असते. म्हणून आधी जमिनीत वीज सोडून जमीन तिला किती रोध करते ते मोजतात. मग कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा हातोडा खाली उतरतो. दर मीटरला बाहेर पडणारा चुरा जमिनीवर ओळीने ढिगाऱ्यांत मांडतात. कोरडी धूळ ओली होऊन चिखल उडू लागला की पाणी लागले. त्यानंतर भोक ढासळू नये म्हणून आत बसवायचा केसिंग पाइप, भोवती बारीक खडी, वरून सिमेंटची सीलबंदी, पाणी किती येते याची चाचणी आणि सांडपाण्याच्या नाल्यासह काँक्रीटचा ओटा. इथिओपियापासून टांझानियापर्यंतच्या खचदरीत फ्लोराइड तपासल्याशिवाय पाणी प्यायला देणे धोक्याचे असते.

मराठी वाचकाला या नोंदीतला सर्वांत जवळचा धागा हापशाचा आहे. १९६० च्या दशकातील दुष्काळात महाराष्ट्रातील मिशनरी संस्थांनी कातळात बोअर मारायला सुरुवात केली. त्यांवर बसवलेले बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले. अख्खे गाव त्यावर तुटून पडले की ते महिन्या-दोन महिन्यांत मोडत. तेव्हा जालन्याच्या मिशनने पोलादाचा दणकट पंप बनवला, सोलापुरात त्यात सुधारणा झाली. याच सोलापूर पंपाच्या पायावर युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ उभा केला व कोइमतूर भागात त्याची परीक्षा घेतली. रचनेवर कुणाची मालकी ठेवली नाही. पुढे हा पंप आफ्रिकेतील अनेक देशांत गेला. युगांडात तो ‘यू २’ या नावाने ओळखला जातो. मिशनऱ्यांनी मराठवाड्यात केलेल्या खटाटोपाचा हा प्रवास जरा अधिक माहीत असायला हवा.

आफ्रिकेत या पंपाला अडचणही आली. आम्लधर्मी पाण्यात त्याचे जस्तलेपित लोखंडी पाइप गंजतात, पाणी तांबूस होते, चहा-डाळ बिघडते, आणि बायका पुन्हा ओढ्यावर जातात. शिवाय दुरुस्तीसाठी सगळा पाइप वर ओढावा लागतो. १९८० च्या दशकात मलावी आणि केनियात तयार झालेल्या ‘आफ्रिदेव’मध्ये पाइप प्लॅस्टिकचा आहे, आणि दट्ट्या व झडप वरूनच बाहेर काढता येतात. एका पान्यावर बहुतेक काम भागते. गावातली बाई ते शिकू शकते.

तरीही २००९ च्या सुमाराच्या अंदाजानुसार या भागातील साधारण एक तृतीयांश हापसे बंद होते. कारण बहुधा क्षुल्लक असते: एक रबरी वायसर, जो तालुक्याच्या बाजारात मिळत नाही. मिशनरी जोडपे मायदेशी परतते, देणगीदाराच्या नावाची पाटी ओट्यावर राहते, आणि वर्गणी गोळा करणारी समिती दोन पावसाळ्यांत विरून जाते. फुकटच्या बोअरमुळे स्थानिक बोअरवाल्यांचा धंदा बसतो, पाण्याच्या आडून धर्मप्रसार होतो, हे आक्षेपही जुने आहेत. दुसरा आक्षेप सरसकट लागू होत नाही. अनेक संस्था पाणी सर्वांना, धर्म न विचारता देतात. पहिल्याचे उत्तर देणे अधिक अवघड आहे. त्यामुळे काही मिशन आता स्वतःचे यंत्र आणत नाहीत. तिथल्याच ठेकेदाराला काम देतात आणि आपला पैसा मेकॅनिकच्या प्रशिक्षणावर, सुट्या भागांच्या दुकानावर घालतात.