स्लॅबसाइड्स: दलदलीच्या काठावरचं सालीचं घर

जॉन बरोज (१८३७–१९२१) या अमेरिकी निसर्गलेखकाचं स्लॅबसाइड्स अनेकदा ओंडक्यांचं घर म्हणून ओळखलं जातं. न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या पश्चिमेला वेस्ट पार्कजवळ ते १८९५ मध्ये उभं राहिलं. नदीकाठी ‘रिव्हरबी’ हे दगडी घर बरोज यांनी १८७०च्या दशकातच बांधलं होतं. पण नदीचा इतका भव्य देखावा रोज डोळ्यांसमोर नको, असं त्यांना वाटू लागलं आणि ते मैल-दीड मैल आत, जंगलात गेले.

निमित्त शेतीचंही होतं. तिथली दलदल चर खणून कोरडी केली, खुंट काढले आणि काळ्याभोर मातीत सेलरी ही जाड दांड्यांची भाजी लावली. या पिकाला अशी माती मानवते, पण निचरा बेताने करावा लागतो. पाणी फार उतरवलं तर कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची ही माती आटते, दरवर्षी थोडी खचते. सेलरीचे दांडे पांढरे, कोवळे राहावेत म्हणून काढणीआधी दोन-तीन आठवडे मातीची भर देतात. ही माती गाभ्यात शिरली की कोंब सडतो.

घराचं नाव भिंतींवरून पडलं. लाकूड कापायच्या गिरणीत गोल ओंडका चौकोनी करताना बाजूची पहिली फळी सालीसकट निघते. एक अंग सपाट, दुसरं गोल. इंग्रजीत तिला स्लॅब म्हणतात. एरवी ती सरपणात जाते. बरोज यांनी त्याच फळ्या बाहेरच्या अंगाला ठोकल्या, म्हणून लांबून भिंत अख्ख्या ओंडक्यांची वाटते. आम्हाला ही काटकसर त्यांच्या लेखनाइतकीच बोलकी वाटते.

सालीची भिंत मात्र नाजूक असते. लाकूड हिवाळ्यात तोडलेलं हवं. वसंतात रस चढलेला असताना तोडलं तर साल सुटून येते. सालीमागे ओल साठते, तिथेच पोखरकिडे शिरतात. म्हणून वळचण पुढे काढायची, सगळ्यांत खालची फळी मातीला टेकू द्यायची नाही. फळ्या वाळून आकसतात, तेव्हा फटींची सोय आधीच करावी लागते.

१९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट इथे येऊन गेले. बरोज यांच्या निधनानंतर १९२१ मध्येच त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली. घर आजही तिच्याकडे आहे. १९६८ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.