स्पीड वाढवला तरी आवाज मागूनच: नेटचा वेग आणि नेटचा विलंब

तासगावजवळच्या एका गावात आमचे मामा राहतात. घरामागं बेदाण्याचं शेड, गच्चीवर नेटचा डबा. गावात फायबर अजून आलेलं नाही, म्हणून मोबाईल टॉवरवरून येणारं कनेक्शन. त्यांची लेक, आमची ताई, जर्मनीत असते. रोज रात्री व्हिडिओ कॉल आणि रोज एकच त्रास. मामा विचारायचे, "जेवलीस का?" उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा विचारायचे, तेवढ्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर यायचं आणि दोघांची वाक्यं एकमेकांवर आदळायची. वैतागून मामांनी ३० एमबीपीएसचा प्लॅन सोडला आणि १०० चा घेतला. आठ दिवसांनी मला फोन: "आरं, जादा पैसं भरलं की! तरी तिचा आवाज मागनंच येतोय."

'नेट स्लो आहे' या एकाच तक्रारीत आपण दोन वेगवेगळी दुखणी घालतो. एका सेकंदात किती डेटा येतो, हा झाला वेग. त्यालाच आपण स्पीड म्हणतो. तांत्रिक नाव बँडविड्थ. आपण पाठवलेला छोटासा निरोप पलीकडं पोचून त्याचं उत्तर परत यायला किती वेळ लागतो, हा झाला विलंब. त्याचं नाव लेटन्सी, आणि गेम खेळणारी पोरं त्याला पिंग म्हणतात. प्लॅनच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो पहिला आकडा. दुसरा कुणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

आपल्या भागातल्या माणसाला हा फरक समजावायला म्हैसाळ योजना पुरेशी आहे. म्हैसाळला कृष्णेचं पाणी पंपांनी उचलतात, टप्प्याटप्प्यानं वर चढवतात आणि कालव्यानं जतकडं सोडतात. कालव्यातून सेकंदाला किती पाणी वाहतं, हा एक प्रश्न. पंप सुरू झाल्यावर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या बांधावर पाणी कधी पोचणार, हा दुसरा. कालवा दुप्पट रुंद केला म्हणून आवर्तनाचं पहिलं पाणी निम्म्या वेळात येत नाही.

वेगाबद्दल एकच गोष्ट सांगून पुढं जातो. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. त्यातला 'बी' बिटचा आहे आणि फाइलच्या आकारातला 'बी' बाइटचा. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० च्या प्लॅनवर सेकंदाला फार तर साडेबारा एमबी उतरतात. डाउनलोडचा आकडा पाहून फसवलं गेल्यासारखं वाटतं, पण इथं फसवणूक नसते, मापं वेगळी असतात.

हे दोन आकडे एकमेकांपासून किती लांब असू शकतात, ते बघा. सांगलीच्या मार्केट यार्डातून मुंबईला हळदीचा ट्रक निघतो. त्यात हळदीऐवजी ४ टीबीच्या (१ टीबी म्हणजे १० लाख एमबी) १००० हार्ड डिस्क भरल्या आणि ट्रक १० तासांत पोचला असं धरा. हिशोब मांडला तर हा वेग १०० एमबीपीएसच्या जवळपास ९ हजार कनेक्शनांइतका भरतो. पण त्या ट्रकमधून 'जेवलीस का' असं विचारलं तर प्रश्न पोचायलाच १० तास लागतील. वेग अफाट, विलंबही अफाट.

विलंब येतो कुठून? पहिलं कारण अंतर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका मिलिसेकंदात, सेकंदाच्या हजाराव्या भागात, २०० किलोमीटर. सांगली ते मुंबई तार ४०० किलोमीटरची धरली तर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद, कुणाला कळणारही नाहीत. जर्मनीचं तसं नाही. मुंबईहून निघालेल्या समुद्राखालच्या केबल तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र असा वळसा घेऊन युरोपात जातात. तिथं जाऊन परत यायला १०० मिलिसेकंदांच्या पुढंच वेळ लागतो आणि कुठलाही महागडा प्लॅन तो घटवू शकत नाही. प्रकाशाहून जलद काही नाही.

एकेकाळी तर भारतातल्या एका कंपनीच्या ग्राहकाचा डेटा भारतातल्याच दुसऱ्या कंपनीकडं जाताना परदेशात फेरी मारून यायचा. तो इथल्या इथं वळवावा म्हणून २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, स्थापन झाली. तारा रुंद करण्याइतकंच वाट आखूड करण्याचं काम मोलाचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

उपग्रहाच्या नेटमध्येही हाच प्रश्न येतो. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागी थांबल्यासारखा दिसणारा उपग्रह असेल, तर प्रश्न वर-खाली आणि उत्तर वर-खाली अशा चार खेपा होतात. नुसत्या प्रवासातच जवळपास अर्धा सेकंद जातो. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, म्हणून तिथं हा त्रास बराच कमी.

पण मामांच्या घरी अडचण अंतराची नव्हती. दुसरं कारण असतं रांग, आणि ते जास्त वेळा भेटतं. राउटर म्हणजे डेटा पुढं पाठवणारा घरातला डबा. त्याच्याकडं तो पुढं पाठवू शकतो त्याहून जास्त डेटा आला की तो जादा डेटा फेकून न देता साठवून ठेवतो. साठा वाढला की नवीन निरोपाला सगळ्यांच्या मागं उभं राहावं लागतं. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या अभियंत्यानं स्वतःच्या घरच्या नेटवर हे दुखणं शोधलं आणि त्याला बफरब्लोट नाव दिलं. 'फुगलेली रांग' म्हटलं तरी चालेल.

मी गेलो आणि पिंग मोजलं. पिंग हे खरं तर एका छोट्या प्रोग्रॅमचं नाव. अमेरिकेतल्या माइक मूस यांनी तो डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला हे नाव दिलं. हाक मारायची आणि ओ किती वेळात येते ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. मुंबईतल्या सर्व्हरला हाक मारली तर ९०० मिलिसेकंद! स्पीड टेस्टमध्ये मात्र डाउनलोड ९० च्या वर, झकास. अपलोड, म्हणजे घरातून बाहेर जाणारा वेग, फक्त ६. नवीन प्लॅननं डाउनलोड वाढवलं होतं, अपलोड होतं तेवढंच राहिलं होतं.

ते ६ कोण खात होतं? बेदाणा शेडवरचे चार कॅमेरे. प्रत्येक जण सेकंदाला २ मेगाबिट या बेतानं चित्रण क्लाउडवर पाठवत होता. सहाच्या वाटेवर आठचा लोंढा. मामांचा आवाज त्या कॅमेऱ्यांच्या मागं रांगेत उभा होता.

फोनवरचं बोलणं नीट व्हायचं तर आवाज एका बाजूनं दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. बोलण्याला स्वतःला वेग फारसा लागत नाही, लागतो तो कमी विलंब. गेमचंही तसंच. सिनेमा बघायचा तर उलट: तो पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळं अर्ध्या सेकंदाचा विलंब त्याच्या खिजगणतीत नसतो. नवीन वेबसाइट उघडताना तर आधी पत्ता शोध, मग जोडणी कर, मग सुरक्षिततेची बोलणी, मग पान माग, अशा तीन-चार फेऱ्या होतात. एका फेरीला ६०० मिलिसेकंद लागले, तर पहिला शब्द दिसायलाच दोन सेकंद गेले.

तुमच्याही घरी असं होत असेल तर पिंग दोनदा मोजा: एकदा घरातलं सगळं बंद ठेवून आणि एकदा मोठी फाइल अपलोड होत असताना. पहिल्यांदाच आकडा मोठा आला तर अंतर, वाय-फाय किंवा टॉवर तपासा. राउटरला केबलनं लॅपटॉप जोडून पाहिला की वाय-फायचा वाटा लगेच कळतो. दुसऱ्यांदाच फुगला तर रांग. राउटरमध्ये एसक्यूएम नावाची सोय असेल तर ती चालू करा, ती रांग वाढू देत नाही.

मामांच्या राउटरमध्ये ती नव्हती. म्हणून कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग त्यांच्यातल्याच मेमरी कार्डवर वळवलं आणि क्लाउडवर फक्त हालचाल टिपल्यावरचं चित्रण जाईल असं केलं. पिंग ४० वर आलं. त्या रात्री मामांनी "जेवलीस का?" एकदाच विचारलं.