अमेरिकेतील आरईटी प्रशिक्षण: शिक्षकांनी अर्ज कुठे करायचा, पात्रता काय, कागदपत्रे कोणती

अमेरिकेत शाळेत किंवा कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या कॉलेजात) विज्ञान, गणित, तंत्रज्ञान शिकवणारे आपले अनेक शिक्षक नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या, म्हणजे विज्ञान संशोधनाला अनुदान देणाऱ्या ‘एनएसएफ’ या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर प्रगत उत्पादनाच्या, म्हणजे थ्री-डी प्रिंटरसारख्या यंत्रांवर वस्तू घडवण्याच्या, उन्हाळी प्रशिक्षणाचा अर्ज शोधत बसतात. तो तिथे सापडत नाही, कारण तिथे तो नसतोच. ‘रिसर्च एक्स्पीरियन्सेस फॉर टीचर्स’, अर्थात आरईटी या योजनेत एनएसएफ पैसे विद्यापीठाला देते. त्या विद्यापीठाच्या केंद्राला ‘साइट’ म्हणतात आणि शिक्षकांची निवड ती साइट स्वतः करते. त्यामुळे फॉर्म, शेवटची तारीख आणि बारीकसारीक अटी प्रत्येक साइटच्या वेगळ्या असतात.

साइट शोधायची सोपी वाट अशी: एनएसएफच्या अवॉर्ड सर्चमध्ये, म्हणजे दिलेली अनुदाने शोधायच्या पानावर, ‘आरईटी साइट’ आणि ‘मॅन्युफॅक्चरिंग’ (उत्पादन) हे शब्द इंग्रजीत टाका. अनुदानांची शीर्षके बहुतेक वेळा ‘आरईटी साइट’ याच शब्दांनी सुरू होतात. प्रत्येक नोंदीत विद्यापीठाचे नाव, गोषवारा आणि अनुदान संपण्याची तारीख दिलेली असते. आधी ती तारीख बघा. संपलेल्या अनुदानाची जुनी पाने वर्षानुवर्षे तशीच राहतात आणि लोक त्यांवरून फॉर्म भरायला जातात. अनुदान चालू असेल तर विद्यापीठाच्या पानावर जाऊन यंदाची सूचना वाचा. बहुतेक साइट हिवाळ्यात अर्ज मागवतात आणि वसंत ऋतूत निवड कळवतात.

पात्रता

योजना बालवाडी ते बारावीचे शिक्षक आणि कम्युनिटी कॉलेजचे प्राध्यापक यांच्यासाठी आहे. काही साइट फक्त जवळच्या शालेय जिल्ह्यांतले, तर काही फक्त हायस्कूलचे शिक्षक घेतात. आपल्या लोकांची अडचण बहुधा इथे येते: साइटच्या अटींत अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड साधारणपणे मागितलेले असते. तुम्ही जे-१ किंवा एच-१बी व्हिसावर शिकवत असाल, तर महिनाभर निबंध घासण्याआधी समन्वयकाला दोन ओळींची ईमेल करा. नकार आला तरी वेळ वाचतो.

दुसरी अट वेळेची. उन्हाळ्यात साधारण ६ आठवडे पूर्णवेळ प्रयोगशाळेत काढायचे असतात. त्याच काळात समर स्कूलची शिकवणी घेतलीत तर दोन्हीकडची ओढाताण होते. मानधन मिळते, पण ते करपात्र असते हे आधीच लक्षात ठेवावे.

कागदपत्रे

ऑनलाइन फॉर्म, रेझ्युमे, शिकवत असलेल्या विषयांची आणि इयत्तांची माहिती, उद्देश सांगणारे निवेदन, एक-दोन शिफारसपत्रे आणि मुख्याध्यापकांचे संमतीपत्र. कुठे कुठे अध्यापन परवान्याची प्रतही लागते. निवड झाल्यावर मानधनासाठी डब्ल्यू-९ हा करविषयक फॉर्म द्यावा लागतो आणि यंत्रांजवळ जाण्याआधी सुरक्षेचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते.

बाकी सगळे सरळ आहे. निवड ठरते ती निवेदनावर, आणि तिथेच बहुतेक अर्ज पडतात. मी वाचलेल्या मसुद्यांपैकी पुष्कळ मसुदे थ्री-डी प्रिंटर, लेझर कटर, सीएनसी (संगणकाने चालणारे कापणीयंत्र) अशी यंत्रांची यादी देऊन ‘विद्यार्थ्यांना नव्या तंत्रज्ञानाची ओळख होईल’ इथे थांबतात. यंत्रे विद्यापीठाकडे आहेतच. निवड समितीला हवी असते ती तुमच्या वर्गात जाणारी समस्या.

म्हणजे कशी? समजा, प्लास्टिकचा एकच हुक एकाच फाइलमधून दोनदा छापला, एकदा उभा आणि एकदा आडवा. दोन्हींना सारखेच वजन टांगले. उभा छापलेला थरांच्या रेषेवर तडकन तुटतो, आडवा तग धरतो. प्लास्टिक तेच, आकार तोच, मग असे का? हा प्रश्न मुलांसमोर ठेवला की बल, ताण, मोजमाप, प्रयोगाची आखणी हे सगळे त्यांना गरज म्हणून शिकावे लागते. किंवा हे बघा: आराखड्यात भोक १० मिलिमीटरचे, छापून आलेले त्याहून किंचित लहान, आणि १० मिलिमीटरची दांडी आत जात नाही. आता किती मोठे काढावे, हे मुलांनी नमुने मोजून ठरवायचे. निवेदनात असा एक प्रसंग लिहा, तो कोणत्या इयत्तेत, किती तासिकांत आणि अभ्यासक्रमाच्या कोणत्या घटकात बसेल ते सांगा. अशा एका परिच्छेदापुढे यंत्रांची यादी फिकी पडते.

समस्या किती मोकळी ठेवायची, हेही लिहावे. बॉस्टनमधल्या न्यू इंग्लंड बोर्ड ऑफ हायर एज्युकेशनने एनएसएफच्याच मदतीने उद्योगांतल्या खऱ्या अडचणींवर ‘चॅलेंज’, म्हणजे वर्गात सोडवायच्या समस्या, तयार केले आहेत, त्यांत प्रगत उत्पादनाचेही आहेत. ते तीन पायऱ्यांनी वापरता येतात: आधी शिक्षक पूर्ण वाट दाखवतो, मग अर्धी, आणि शेवटी तो केवळ सल्लागार उरतो. पहिल्याच वर्षी तिसरी पायरी गाठण्याचे वचन देऊ नका. ‘पहिली दोन चॅलेंज मी सोबत राहून करून घेईन’ हे वाक्य समितीला जास्त पटते, कारण ते वर्ग ओळखणाऱ्याचे वाक्य आहे.

मुख्याध्यापकांचे पत्रही मोघम नसावे. ‘आमचा पाठिंबा आहे’ एवढ्याने काही कळत नाही. नवा पाठ घ्यायला तासिका मिळतील का, विद्यापीठाची माणसे वर्ग बघायला येऊ शकतील का, हे त्यात स्पष्ट हवे. मुख्याध्यापकांना वेळ नसतो, म्हणून हे मुद्दे कागदावर उतरवून तुम्हीच त्यांच्याकडे द्या, आणि तेही तारखेच्या तीन आठवडे आधी.

कॉलेजला स्वतःच असे प्रशिक्षण चालवायचे असेल तर

त्यासाठी ‘ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजिकल एज्युकेशन’ ही एनएसएफचीच वेगळी योजना आहे. १९९२ च्या कायद्यातून ती आली आणि तिचा भर दोन वर्षांच्या कॉलेजांवर आहे. इथे अर्ज शिक्षकाचा नसून संस्थेचा असतो, तो रिसर्च डॉट गव्ह किंवा ग्रँट्स डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळांवरून जातो. संस्थेची सॅम डॉट गव्ह या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावरची नोंदणी चालू असावी लागते आणि ती दरवर्षी नव्याने करावी लागते. हे काम कॉलेजच्या कार्यालयाकडे असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिथे विचारा. प्रकल्पाचे वर्णन १५ पानांत बसवायचे असते. पहिल्यांदाच उतरणाऱ्या कॉलेजांना ‘मेंटॉर-कनेक्ट’ या उपक्रमातून अनुभवी मार्गदर्शक मिळू शकतो.

आरईटीत निवड झाली तर काम उन्हाळ्यावर संपत नाही. प्रयोगशाळेत तयार केलेला पाठ शाळा सुरू झाल्यावर वर्गात घ्यायचा, त्यात काय अडले ते साइटला कळवायचे, आणि पाठ नीट उतरला तर तो ‘टीच इंजिनीअरिंग’ या मोफत डिजिटल संग्रहात देण्याची तयारी ठेवायची. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. त्यात मुलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या, पाठ लिहिताना तेच उपयोगी पडतात.