परत येणारी लाट: इंजिनाच्या हवेचा हिशोब

गाडी मॉडिफाय करायला घेतली की पहिला बळी जातो तो एअर फिल्टरच्या काळ्या प्लास्टिकच्या डब्याचा. तो काढायचा आणि त्याजागी चकचकीत धातूची नळी बसवून टोकाला लाल, शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावायचा. युक्तिवाद असा, की कंपनीचा कागदी फिल्टर इंजिनाचा गळा आवळतो. तो मोकळा केला की गाडी पळेल. बदल केल्यावर गाडी खरोखर गुरगुरायला लागते आणि पिकअप वाढल्याची खात्री पटते. पण त्या डब्याच्या अनेक कामांपैकी एक मोठं काम आवाज दाबण्याचंच असतं. आवाज वाढला यातून डबा गेला, एवढंच सिद्ध होतं.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे त्याला ११ किलो हवा हवी, घनफळात सुमारे ९,००० लिटर. पेट्रोल हवं तेवढं फवारता येतं. घोडं अडतं ते हवेपाशी. दोन लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमला (मिनिटाला ६,००० फेऱ्या) सेकंदाला जवळजवळ १०० लिटर हवा ओढतं.

यात फिल्टर किती आडवा येतो? योग्य मापाचा स्वच्छ कागदी फिल्टर पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेच्या वाटेतली चकती पूर्ण उघडी असताना, दाब साधारण एक-दोन किलोपास्कलने उतरवतो. वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल. म्हणजे फिल्टर समूळ काढून फेकला तरी हाती लागणार एक-दोन टक्के, आणि तेही पाय खाली गच्च दाबलेला असतानाच. एरवी रस्त्यावर आपण थ्रॉटल अर्धवट मिटलेलाच ठेवतो. त्याची चकती स्वतःच दाब निम्म्यावर आणत असते, तिच्यापुढे फिल्टरची काय कथा! अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर चोंदवून गाड्या तपासल्या. आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांच्या मायलेजमध्ये दखल घ्यावी असा फरक पडला नाही. पूर्ण जोरात वेग घेताना मात्र पडला. फिल्टरने अडवलं तेवढं थ्रॉटल जरा जास्त उघडून भरून निघतं, इतका साधा मामला आहे.

उघडा फिल्टर बॉनेटखाली ठेवला की तो रेडिएटर आणि एक्झॉस्टने तापवलेली हवा ओढतो. हवेची घनता केल्व्हिनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३० अंश सेल्सिअस म्हणजे ३०३ केल्व्हिन, ६० अंश म्हणजे ३३३. तेवढ्याने हवा नऊ टक्क्यांनी विरळ झाली. वर गरम हवेमुळे इंजिन ठोकू लागू नये, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून खडखड होऊ नये, म्हणून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) स्पार्कची वेळ मागे सरकवतो. दीड टक्का कमावून नऊ टक्के घालवण्याचा हा व्यवहार. डायनोवर (गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तो लपतो, कारण तिथे बॉनेट उघडं असतं आणि समोर भलामोठा पंखा चालू असतो. कंपनीच्या डब्याची सोंड ग्रिलमागून हवा घेते ती उगीच नाही.

ग्रिलमधून वारा ‘कोंबला’ जातो, या दाव्याचंही गणित करून टाकू. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा दाब भरतो ०.४६ किलोपास्कल, अर्धा टक्कासुद्धा नाही. ताशी २०० ला तो चौपट होतो खरा, पण तोवर इतर चिंता जास्त महत्त्वाच्या झालेल्या असतात.

फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी, हा समजही सोडायला हवा. कागदाची छिद्रं धूलिकणांपेक्षा पुष्कळदा मोठी असतात, तरी कण अडकतात. हवा तंतूला वळसा घालून जाते. जड कणाला जडत्वामुळे ते वळण जमत नाही आणि तो तंतूवर आपटतो. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तंतूला चिकटतात. त्यामुळे सुटून जायला सर्वांत सोपे कण अगदी बारीक नसून मधल्या आकाराचे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे असतात. साचलेली धूळही पुढची धूळ अडवते, म्हणून थोडा मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा चांगलं गाळतो. तेल लावलेल्या कापडी जाळीच्या फिल्टरची तुलना करताना ‘९७ टक्के आणि ९९ टक्के, काय मोठासा फरक’ असं म्हणू नये. आत जाणारी धूळ मोजा: तीन टक्के आणि एक टक्का, म्हणजे तिप्पट. धुळीतलं क्वार्ट्झ लोखंडापेक्षा कठीण, आणि तेलाच्या थराच्या जाडीइतके काही मायक्रॉनचे कण पिस्टन रिंगांना सगळ्यात जास्त खरवडतात. मोकळेपणा हवाच असेल तर त्याच कागदाचा मोठा, जास्त घड्यांचा फिल्टर घ्यावा. क्षेत्रफळ दुप्पट झालं की कागदातून जाणाऱ्या हवेचा वेग निम्मा होतो आणि कागदातली दाबाची घटही जवळपास निम्मी.

आता खऱ्या मौजेकडे येऊ. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, हवा नदीसारखी संथ वाहत नाही. ती धक्क्याधक्क्याने जाते, आणि प्रत्येक धक्क्याची एक लाट होते.

पिस्टन खाली झेपावला की उघड्या झडपेपाशी दाब घटतो. ही बातमी नळीच्या दुसऱ्या टोकाला लगेच कळत नाही. ती ध्वनीच्या वेगाने, कोमट इनटेकमध्ये सेकंदाला साधारण ३५० मीटरने जाते. नळीच्या उघड्या तोंडाशी मात्र दाब फारसा हलू शकत नाही, कारण पलीकडे हवेचा मोठा साठा असतो. तिथे दाब जागच्या जागी राहायचा, तर आलेल्या विरळ लाटेला पुसून टाकणारी तेवढीच दाट लाट तयार व्हावी लागते, आणि ती उलट्या दिशेने आत निघते. उघड्या टोकाच्या नळीतलं परावर्तन शाळेत शिकलो होतो, तेच हे. गेली होती कमी दाबाची लाट, परत आली जास्त दाबाची. ती झडपेपाशी नेमक्या वेळी पोचली, तर सिलिंडर भरत आलेला असताना आणखी थोडी हवा आत रेटते. टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नाही, काही नाही, फुकटची हवा!

‘नेमकी वेळ’ कधी? पिस्टनचा वेग वरच्या टोकापासून क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) साधारण ७५ अंश फिरल्यावर सर्वाधिक असतो. जोरकस विरळ लाट तेव्हा निघते. तिचं उत्तर पिस्टन तळाशी पोचण्याच्या सुमारास हवं, कारण इनटेकची झडप त्यानंतरही थोडा वेळ उघडीच असते. म्हणजे जाऊन यायला क्रँकचे सुमारे ९० अंश मिळतात. ६,००० आरपीएमला क्रँक मिलिसेकंदाला ३६ अंश फिरतो, तर ९० अंशांना अडीच मिलिसेकंद. तेवढ्यात लाट ८७ सेंटिमीटर चालते. जाणं आणि येणं धरून नळीची लांबी झाली सुमारे ४४ सेंटिमीटर. ३,००० आरपीएमला हाच लाभ हवा असेल तर नळी दुप्पट लांब लागेल. चुकीच्या आरपीएमला विरळ लाटच झडपेशी येऊन ठेपते आणि टॉर्कच्या आलेखात खड्डा पडतो.

१९६० च्या क्रायस्लर ३००एफ गाडीत ३० इंच लांबीच्या इनटेक नळ्या इंजिनावरून आडव्या टाकल्या होत्या. शर्यतीच्या आवृत्तीत बाहेरून नळ्या तशाच ठेवून आतल्या दुभाजक भिंती कापल्या. लाटेच्या दृष्टीने लांबी निम्मी झाली आणि जोर वरच्या आरपीएमला सरकला. १९९१ मध्ये ल मॉन्सची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी गाडीच्या रोटरी इंजिनात तर नळ्या धावताना एकात एक सरकून लांबी बदलत.

नळीच्या तोंडाचा आकारही महत्त्वाचा. ५०० सीसीच्या सिलिंडरसाठी चार सेंटिमीटर व्यासाची नळी घेतली, तर ६,००० आरपीएमला आत ओढताना तिच्यात हवेचा सरासरी वेग सेकंदाला ८० मीटरच्या घरात जातो. त्या वेगाचा गतिज दाब होतो ३.८ किलोपास्कल. साठ्यात नुसती घुसवलेली, धारदार कडेची नळी यातला ८० टक्के किंवा त्याहून जास्त भाग भोवऱ्यांत उधळते. कड कर्ण्यासारखी गोलावली तर पाचएक टक्केच जातात. ही बचत अख्ख्या फिल्टरपेक्षा मोठी आहे, पण कर्णा आत असतो, कुणाला दिसत नाही.

मग बाहेरची, फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची नळी आखूड केली तर काय बिघडतं? इथे जरा किचकट आहे. सिलिंडरांच्या नळ्या ज्या सामाईक कोठीत उघडतात ती कोठी आणि बाहेरची नळी मिळून हेल्महोल्ट्झचा अनुनादक होतो, म्हणजे ठरावीक वारंवारतेला जोरात झुलणारी हवेची जोडगोळी. नळीतली हवा वस्तुमान, कोठीतली हवा स्प्रिंग. त्याची वारंवारता म्हणजे ध्वनीचा वेग भागिले २π, गुणिले नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले कोठीचं घनफळ व नळीची लांबी यांचा गुणाकार, याचं वर्गमूळ. तीन लिटरची कोठी, साडेसहा सेंटिमीटर व्यासाची ६० सेंटिमीटर नळी धरली तर उत्तर येतं साधारण ७५ हर्ट्झ. चार सिलिंडरांचं इंजिन क्रँकच्या एका फेरीत दोनदा हवा ओढतं, म्हणून ७५ हर्ट्झ म्हणजे २,२५० आरपीएम. नळी निम्मी केली की हा टप्पा ३,२०० च्या जवळ जातो. आखूड नळी लावल्यावर ‘खालचा दम गेला’ अशी तक्रार येते, तिचं एक कारण हे. कंपनीच्या इंजिनिअरने ती वाकडीतिकडी नळी निव्वळ जागा नव्हती म्हणून ठेवलेली नसते.

हवा मोजणारा तप्त तारेचा सेन्सर त्या नळीत असेल तर आणखी सांभाळावं लागतं. नळीचा व्यास ७० वरून ७७ मिलिमीटर केला की छेद २१ टक्क्यांनी वाढतो, तारेवरून जाणारा वेग घटतो, आणि ईसीयू हवा कमी आली असं समजून पेट्रोल कमी देतो. हलक्या भाराला ऑक्सिजन सेन्सर ही चूक सावरून घेतो. पूर्ण थ्रॉटलला अनेक गाड्यांत ती सोय नसते, आणि तिथेच पातळ मिश्रण इंजिनाला तापवतं. ट्यूनिंग न करता नळी बदलू नये ते यासाठी. टर्बो इंजिनात कॉम्प्रेसरआधी गेलेला प्रत्येक किलोपास्कल जास्त महाग पडतो, कारण तोच दाब पुढे पटीने वाढवायचा असतो. तिथे मोठा फिल्टर समर्थनीय आहे.

इनटेकमध्ये बसवायच्या ‘वावटळ’ पात्यांबद्दल दोन वाक्यं पुरेत. त्यांनी दिलेला पीळ थ्रॉटलची चकती आणि पुढची वळणं मोडून काढतात. उरतो तो पात्यांचा अडथळा. पेट्रोलच्या नळीवर लावायचं चुंबक त्याहून पुढचं: पेट्रोलच्या रेणूंना ओळीत उभं करण्याइतकी पकड त्याला कुठून येणार? गंडा बांधण्यापेक्षा वेगळं काही नाही ते.

आपल्या गाडीचा फिल्टर खरंच अडवतो का, हे पारदर्शक नळी आणि रंगीत पाण्यावर मोजता येतं. नळी इंग्रजी यू आकारात वाकवायची, भरपूर उंच ठेवायची म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही, आणि एक टोक फिल्टर व थ्रॉटल यांच्या मधे जोडायचं. मोकळ्या ट्रॅकवर किंवा डायनोवर पूर्ण थ्रॉटल देऊन वरच्या आरपीएमला दोन्ही भुजांतल्या पातळ्यांचा फरक बघायचा. दहा सेंटिमीटर म्हणजे जवळपास एक किलोपास्कल, म्हणजेच एक टक्का. मग तेच टोक फिल्टरच्या आधी, डब्याच्या मळक्या बाजूला लावून पुन्हा मोजायचं. तिथेही फरक जवळजवळ तितकाच भरला, तर हवा सोंडेत अडते आहे आणि फिल्टर बदलून काहीही हलणार नाही.